बखर, कागद आणि कादंबरी

मराठीत इतिहास सांगण्याची सर्वांत जुनी गद्य रीत बखरीची. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या किल्ल्यावर, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. सभासद त्या काळातला माणूस होता, दरबारात वावरलेला होता. म्हणून त्याची बखर इतर बखरींपेक्षा भरवशाची मानली जाते. तरीही तिच्यात सनावळी जवळजवळ नाही, प्रसंगांचा क्रम पुढेमागे झालेला आहे आणि अफझलखानाच्या भेटीत कोण काय बोलले हे लेखक शेजारी उभा असल्यासारखे सांगतो. पुढच्या शतकातली भाऊसाहेबांची बखर तर संवादांवरच चालते. बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या तोंडी जे उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते, ते याच बखरीच्या परंपरेतून आलेले आहे. १७६० च्या जानेवारीत यमुनेच्या वाळूत ते शब्द कोणी टिपून घेतले, असा प्रश्न बखर वाचणाऱ्याला पडत नाही; बखरकाराने तो पडू नये अशीच व्यवस्था केलेली असते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचे मूळ शोधताना सहसा वॉल्टर स्कॉटकडे बोट दाखवले जाते. ते खरेही आहे, पण अर्धेच. स्कॉटकडून मराठी लेखकांनी कथानकाची मांडणी घेतली. ऐकणाऱ्याला प्रसंगात ओढून नेण्याची हातोटी बखरीची होती. मराठी वाचकाचे ऐतिहासिक कादंबरीवरचे प्रेम आणि तिच्याविषयीची तक्रार या दोन्हींची मुळे तिथेच सापडतात.

एकोणिसाव्या शतकात या वाचकाला पहिला धक्का दिला तो एका इंग्रज सरकारी अधिकाऱ्याच्या पुस्तकाने. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला नेमलेल्या जेम्स ग्रँट डफने तिथली आणि पुण्याची दप्तरे चाळून मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. तो १८२६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे काही वर्षांतच त्याचे मराठी भाषांतर झाले आणि शाळांतून तेच शिकवले जाऊ लागले. भाषांतराला नाव मात्र ‘मराठ्यांची बखर’ असेच मिळाले. डफने कागद पाहिले होते, तारखा लावल्या होत्या, एका साक्षीची दुसऱ्या साक्षीशी तुलना केली होती. हे सगळे बखरीत नव्हते. पण मराठ्यांचा उदय त्याच्या लेखी सह्याद्रीत आपोआप पेटलेल्या वणव्यासारखा होता, आणि असा उदय होण्यामागे काही विचार, काही व्यवस्था असू शकेल हे त्याच्या लिहिण्यात फारसे येत नाही.

त्याला पहिले खणखणीत उत्तर दिले नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी. १८६७ च्या सुमारास पुण्यातल्या तरुणांच्या सभेत त्यांनी डफच्या ग्रंथावर निबंध वाचला, तेव्हा ते कॉलेजात शिकत होते. डफने कोणते कागद वापरले, कोणते सोडले, कुठे घाईने निष्कर्ष काढले याची त्यांनी एकेक करून तपासणी केली. हा निबंध ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात छापून आला. त्याच मासिकात काही वर्षांनी, १८७१ मध्ये, त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी क्रमशः छापायला घेतली. इतिहासाची चिकित्सा आणि इतिहासाची कथा ही दोन भावंडे एकाच घरात, चार-पाच वर्षांच्या अंतराने जन्माला आली. मागाहून त्यांचे पटेनासे झाले तरी हे नाते विसरता येत नाही.

‘मोचनगड’ आज कोणी आवडीने वाचत असेल असे वाटत नाही. भाषा जड आहे, योगायोग फार आहेत. पण गुंजीकरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. गड काल्पनिक, गडावरची माणसे काल्पनिक, आणि शिवाजी महाराज पार्श्वभूमीला. स्कॉटच्या कादंबऱ्यांतही राजे-सरदार दूर उभे असतात आणि समोर एखादा अनामिक तरुण दोन बाजूंच्या ओढाताणीत सापडलेला असतो. या रीतीत लेखकाला मोकळीक मिळते आणि इतिहासालाही धक्का लागत नाही. काल्पनिक माणसाने काय विचार केला यावर कोणी पुरावा मागत नाही.

हरी नारायण आपट्यांनी ही रीत पत्करली आणि मोडलीही. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘मैसूरचा वाघ’ १८९० ची. ती मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधाराने बेतलेली होती. त्याच वर्षी त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि पुढे आठवड्याच्या अंकांतून ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘सूर्योदय’, ‘वज्राघात’ अशा कादंबऱ्या मराठी घरांत पोचू लागल्या. साप्ताहिकासाठी लिहायचे म्हणजे प्रकरण अशा ठिकाणी थांबवायचे की वाचकाने पुढच्या अंकाची वाट पाहावी. आपट्यांचा पाल्हाळ, मध्येच वाचकाशी गप्पा मारण्याची सवय, एकाच गोष्टीची पुन्हा पुन्हा आठवण करून देणे, हे सगळे दोष त्या व्यवस्थेतून आलेले आहेत, आणि सलग पुस्तक हातात घेणाऱ्या आजच्या वाचकाला ते जाचतात. तरीही ‘उषःकाल’ टिकली आहे. सुलतानगडचे रंगराव अप्पा आदिलशाहीशी इमान राखणारे, त्यांचा मुलगा नानासाहेब स्वराज्याकडे ओढला गेलेला. बापलेकांतल्या या ताणातून सतराव्या शतकातल्या शेकडो मराठा घराण्यांपुढचा पेच आपोआप उभा राहतो. हा पेच खरा होता. जेध्यांसारख्या वतनदारांना आदिलशाहीचे फर्मान आणि शिवाजी महाराजांचा शब्द यांतून निवड करावी लागली होती, आणि ही निवड करताना वतनावर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागत होती. काल्पनिक घराण्याच्या गोष्टीतून आपट्यांनी जे साधले, ते पुष्कळशा चरित्रात्मक कादंबऱ्यांना साधलेले नाही.

‘गड आला पण सिंह गेला’ मध्ये मात्र त्यांनी खऱ्या माणसांना समोर आणले आणि तिथेच गाडी घसरली. कोंढाणा ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सर झाला, तानाजी मालुसरे आणि किल्लेदार उदयभान दोघेही पडले, एवढे पक्के. सभासद हा प्रसंग थोडक्यात सांगतो. गडाच्या कड्याला चिकटणारी घोरपड, मुलाचे लग्न टाकून आलेला तानाजी, म्हातारा शेलारमामा ही सगळी मंडळी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे हा पोवाडा छापील रूपात वाचकांपुढे आला होता. आपट्यांनी त्यात आणखी एक भर घातली: उदयभानाने पळवून आणलेली कमलकुमारी. शौर्याच्या गोष्टीला खलनायक हवा आणि खलनायकाला पापही हवे, हा त्यामागचा हिशेब उघड आहे. उदयभान नुसता मोगलांचा इमानी चाकर राहिला असता तर तानाजीचे मोल कमी झाले नसते, उलट वाढले असते. पण कमलकुमारी आली आणि तिथेच राहिली. नाटकांत, चित्रपटांत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. गडाला सिंहगड हे नाव त्या रात्रीनंतर मिळाले हीसुद्धा अशीच रुजलेली समजूत आहे. १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारात हे नाव आलेले आहे, हे संशोधकांनी दाखवून कित्येक दशके झाली. गडावर जाणाऱ्या लोकांना अजून जुनीच गोष्ट सांगितली जाते.

आपटे ‘करमणुकी’त लिहीत होते त्याच वर्षांत दुसरीकडे कागद बाहेर पडू लागले. त्याआधी १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने जुन्या बखरी आणि पत्रे छापायला सुरुवात केली होती. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते. आणि १८९८ मध्ये विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात होती आणि आरंभी एक लांबलचक, भांडखोर प्रस्तावना. राजवाड्यांची भूमिका सोपी होती: बखरकाराने मागाहून, ऐकून, आठवून लिहिले, पत्र लिहिणाऱ्याने त्या दिवशी, त्या गरजेपोटी लिहिले, दोघांत विसंगती आली तर पत्राचे ऐकायचे. आज हे शाळकरी शहाणपण वाटते, पण तेव्हा त्याने बखरींच्या आधारावर उभा असलेला अर्धा इतिहास डळमळला. राजवाड्यांच्या मालेचे बावीस खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि वाड्यांच्या माळ्यांवर, देवळांच्या कोठ्यांत, वाण्यांच्या रद्दीत पडलेल्या कागदांच्या रुमालांना हक्काचे घर मिळाले.

या रुमालांतून काय निघू शकते याचा उत्तम दाखला म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांकडची ही सनावळी लोकमान्य टिळकांना मिळाली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तिच्यात वर्णन नाही, अलंकार नाहीत. अमुक शके, अमुक तिथी, अमुक घडले, एवढेच. पण शिवजन्माची तिथी तिने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी दिली. बखरींच्या आधारे १६२७ चे वर्ष धरून चालणाऱ्या सगळ्यांना तीन वर्षे मागेपुढे करावी लागली, आणि त्या वर्षांवर बेतलेले बालपणाचे प्रसंगही हलले. वाद पाऊण शतकाहून अधिक चालला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे मान्य केली ती २००१ मध्ये.

याच काळात जदुनाथ सरकारांचे इंग्रजी शिवचरित्र १९१९ मध्ये आले. त्यांनी फार्सी तवारिखा आणि इंग्रजांच्या वखारींचा पत्रव्यवहार यांवर भर दिला, सभासद वगळता बखरींना जवळपास बाजूला सारले, आणि पुण्याच्या संशोधकांशी त्यांचे कायमचे बिनसले. पुण्याची तक्रार होती की सरकार शत्रूची साक्ष जास्त मानतात. सरकारांची तक्रार होती की पुण्याला अभिमान आवरत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. त्यांच्यामध्ये उभे राहिले गोविंद सखाराम सरदेसाई. बडोद्याच्या महाराजांच्या पदरी नोकरी करता करता त्यांनी ‘मराठी रियासत’ लिहिली आणि निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. सरदेसायांच्या गद्याला धार नाही, त्यांची मतेही खंडागणिक बदलतात. पण एका माणसाने एवढे सुसंगत कथन उभे केल्याचे दुसरे उदाहरण मराठीत नाही. ज्यांना मराठ्यांचा इतिहास आरंभापासून अखेरपर्यंत एका दमात वाचायचा आहे, त्यांना अजूनही रियासतीकडेच जावे लागते.

कागदांचा हा पूर वाहत होता, तेव्हा कादंबरीकार काय करत होते? बहुतेक जण तिकडे पाठ करून बसले होते. नाथमाधवांच्या स्वराज्यमालेला आणि वि. वा. हडपांच्या पेशवाईवरील कादंबरीमालेला वाचक भरपूर होता, वाचनालयांत प्रतींचे कोपरे झिजत होते. कारस्थाने, वेषांतरे, भुयारे, स्त्रियांचे हरण आणि सुटका. त्यात शिवकाल किंवा पेशवाई हे केवळ पोशाख होते. त्यांच्याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखे नाही.

बखर, कागद आणि कादंबरी यांची सर्वांत बोलकी झटापट संभाजी महाराजांवरून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याला मल्हार रामराव चिटणीसांनी जी बखर लिहिली, तिने संभाजी महाराजांची व्यसनी, उतावळा, स्त्रीलंपट राजा अशी प्रतिमा घट्ट केली. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून देहदंड दिला होता. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली असती तरी बखरीवर विसंबण्याआधी कोणीही थबकले असते. पण डफने तिचा उपयोग केला, पाठ्यपुस्तकांनी डफचा उपयोग केला, आणि रंगभूमीला तर आयताच शोकनायक मिळाला. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ आणि औंधकरांचे १९२४ चे ‘बेबंदशाही’ ही नाटके याच प्रतिमेवर उभी आहेत. गडकऱ्यांची भाषा इतकी भारून टाकणारी आहे की तिने केलेले नुकसान भरून काढायला संशोधकांना अर्धे शतक लागले.

ते काम केले वा. सी. बेंद्रे यांनी. शिवाजी महाराजांचे समकालीन डच चित्र १९३३ मध्ये उजेडात आणणारे बेंद्रे, त्याआधीपासून संभाजी महाराजांविषयी साधने जमवत होते. सुमारे चाळीस वर्षांच्या खटाटोपानंतर त्यांचे ‘छत्रपती संभाजी महाराज’ १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. मोगलांची फार्सी साधने, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागद, राजाची स्वतःची आज्ञापत्रे यांतून एक वेगळाच माणूस दिसू लागला: एकाच वेळी औरंगजेब, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी आठ-नऊ वर्षे लढत राहिलेला, संस्कृतात ‘बुधभूषणम्’ रचणारा, आणि १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडला जाऊन तुळापूरला मारला गेलेला. राजाच्या नावावर खपलेल्या थोरातांच्या कमळेसारख्या कथा कागदांच्या उजेडात विरून गेल्या.

आणि मग कादंबरी आली. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची. बेंद्र्यांनी रस्ता मोकळा केला नसता तर ती लिहिली गेली नसती. पुढे विश्वास पाटलांची ‘संभाजी’ २००५ मध्ये आली, आणि २०२५ मध्ये ‘छावा’वरच्या हिंदी चित्रपटाने ही गोष्ट मराठीबाहेर नेली. सावंतांच्या कादंबरीने लाखो वाचकांच्या मनातला जुना कलंक पुसला, हे तिचे श्रेय मोठे आहे आणि बेंद्र्यांच्या जाड ग्रंथाला ते एकट्याने कधीच साधले नसते. पण वाचक म्हणून स्पष्ट बोलायचे तर ‘छावा’चे गद्य फार फुगलेले आहे. प्रत्येक पात्र उपमांतच बोलते, प्रत्येक निरोप काळजाला भिडावा म्हणून लिहिलेला असतो, आणि तीन-चारशे पानांनंतर भिडण्याची ती शक्तीच संपते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिटणिसांनी काळ्या रंगात रंगवलेला राजा इथे पांढऱ्यात रंगवला गेला. रंग बदलला, कुंचला बखरीचाच राहिला. १६७८ च्या डिसेंबरात संभाजी महाराज बापाला सोडून मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले, ही त्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट. ते का गेले याविषयी कागद फार थोडे आहेत आणि नेमकी हीच जागा कादंबरीकाराची आहे. पण मराठी कादंबरी या ठिकाणी नायकाला जबाबदारीतून सोडवण्याची घाई करते, त्याला चूक करू देत नाही. पाटलांची ‘संभाजी’ गद्याच्या बाबतीत आटोपशीर आहे. जंजिऱ्याचा वेढा, गोव्याची मोहीम यांचे तपशील तिने मन लावून घेतले आहेत. तिचे संवाद मात्र कधी कधी विसाव्या शतकाच्या सभेतले वाटतात.

संभाजी महाराजांच्या बाबतीत कागद आधी आणि कादंबरी मागून असे झाले. ‘स्वामी’च्या बाबतीत कागद होते, पण कादंबरीने ते वापरायचे नाही असेच जणू ठरवले होते. रणजित देसायांची ही कादंबरी १९६२ मध्ये आली, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि मराठीत चरित्रात्मक ऐतिहासिक कादंबरीचे पर्व सुरू झाले. तिचे नायक थोरले माधवराव पेशवे पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी, गादीवर आले आणि १७७२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला क्षयाने गेले. रमाबाई सती गेल्या. त्यांच्या अकरा वर्षांच्या कारभारातली पत्रे विपुल आहेत. मिरजेच्या खरेशास्त्र्यांनीच पटवर्धनांची त्या काळातली पत्रे छापली आहेत आणि त्यांत पानोपानी काय आहे? कर्नाटकातल्या हैदरावरच्या मोहिमांचा खर्च, थकलेले पगार, सावकारांचे तगादे, पावसाने अडलेली तोफखान्याची गाडी, काकांच्या हालचालींच्या बातम्या. कर्ज हा माधवरावांच्या आयुष्यातला खरा खलनायक होता. देसायांनी त्याऐवजी रमाबाईंना मध्यभागी आणले, ज्यांच्याविषयी इतिहासाला फारच थोडे ठाऊक आहे. मोहिमा येतात, पण दाराबाहेर वाजणाऱ्या नगाऱ्यासारख्या.

हे दोष म्हणून सांगितले तरी ‘स्वामी’ का वाचली जाते हे समजायला वेळ लागत नाही. तिचा आकार आवाक्यातला आहे, तिचे दुःख संयत आहे आणि तिने मराठी मध्यमवर्गाला पेशव्यांच्या वाड्यातले घर दाखवले, जे तोवरच्या कोणत्याही ग्रंथात नव्हते. खरा बदल निराळाच होता. गुंजीकर-आपट्यांनी राजांना मागे ठेवून अनामिकांना पुढे आणले होते. देसायांनी राजालाच पुढे आणून त्याच्या मनात शिरण्याचा हक्क घेतला. या एका पावलाने कादंबरी पुन्हा बखरीपाशी येऊन पोचली. राजाने मनात काय म्हटले हे सांगणारा लेखक आणि अफझलखानाच्या शामियान्यातले बोलणे सांगणारा सभासद यांच्यात तत्त्वतः फरक उरला नाही. फरक एवढाच की सभासदाच्या श्रोत्याला तो जे ऐकतो आहे ते खरे असल्याची खात्री होती आणि कादंबरीच्या वाचकाने ती बाळगू नये अशी अपेक्षा होती. ही अपेक्षा फारशी पुरी झालेली नाही.

देसायांची पुढची मोठी कादंबरी ‘श्रीमान योगी’ साठच्या दशकाच्या अखेरीस आली. हजाराहून अधिक पानांच्या या पुस्तकातला सर्वांत तजेलदार भाग आरंभी आहे आणि तो देसायांनी लिहिलेला नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी देसायांना लिहिलेले दीर्घ पत्र तिथे प्रस्तावना म्हणून छापले आहे. शिवचरित्राची साधने, त्यांतले कोणते किती विश्वासाचे, अभ्यासकांनी कुठे घोटाळे केले, आणि एवढ्या मोठ्या माणसाला माणूस म्हणून उभे करताना लेखकाला काय काय टाळता येणार नाही, याची कुरुंदकरांनी निर्भीडपणे झडती घेतली आहे. कादंबरी त्या पत्राच्या उंचीपर्यंत पोचत नाही, हे मत अनेक चोखंदळ वाचक खासगीत देतात. पत्र वाचून प्रश्न पडू लागतात. कादंबरी उलगडत जाते तशी प्रत्येक प्रश्नाला भावनेचे उत्तर मिळत जाते. तरी देसायांना एक मान द्यायला हवा: आपल्या पुस्तकाच्या दारातच इतका कठोर वाचक बसवण्याचे धैर्य फार थोड्या लेखकांनी दाखवले आहे.

भाषेच्या बाबतीत या सगळ्याच कादंबऱ्यांवर एक आक्षेप घेता येतो. सतराव्या शतकातली मराठी पत्रे फार्सी शब्दांनी भरलेली आहेत. राजवाड्यांनी जुनी पत्रे घेऊन शब्द मोजून दाखवले होते की शिवकालाच्या आरंभी हे प्रमाण फार मोठे होते आणि पुढच्या शतकभरात ते झपाट्याने घटले. स्वतः शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला तो याच परिस्थितीमुळे. कादंबऱ्यांतले मावळे आणि सरदार मात्र तत्सम शब्दांची, नाटकी वळणाची मराठी बोलतात. मधूनमधून ‘जी’ आणि ‘महाराज’ पेरले की काळ उभा राहिला असे लेखकाला वाटते. मूळ पत्रांतली तुटक, घाईची, हिशेबी भाषा कुठल्याही कादंबरीकाराने पेलून दाखवलेली नाही. ती पेलायची तर आधी ती मनापासून ऐकावी लागते आणि मोडी कागदांशी वर्षानुवर्षे घसट ठेवावी लागते.

अशी घसट असलेला एक कादंबरीकार मराठीत होऊन गेला: ना. सं. इनामदार. त्यांनी दप्तरे चाळली आणि विशेष म्हणजे इतिहासाने ज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्यांचीच वकिली घेतली. ‘झेप’ मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’ मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’ मध्ये दुसरा बाजीराव. पेशवाई बुडवली म्हणून शतकभर ज्याच्या नावाने बोटे मोडली गेली त्या बाजीरावाचे मन समजून घ्यायला एक कादंबरी खर्च करणे ही साधी गोष्ट नव्हती. थोरल्या बाजीरावावरची त्यांची सर्वांत गाजलेली ‘राऊ’ १९७२ ची, आणि तीच त्यांची सर्वांत कमजोर बाजू दाखवते. मस्तानीविषयी समकालीन कागद मोजकेच आहेत. पुण्याच्या पेशवे घराण्याने तिच्याबद्दल लिहिण्यापेक्षा गप्प राहणे पसंत केले होते. इनामदारांनी ती पोकळी प्रेमकथेने भरली आणि पुढे थेट २०१५ च्या हिंदी चित्रपटापर्यंत ती प्रेमकथाच इतिहास म्हणून पोचली. पालखेडला निजामाला बिनतोड कोंडीत पकडणारा सेनापती त्या कथेच्या कडेला जाऊन बसला.

पानिपतावर मराठीत जे लिहिले गेले ते मात्र या तक्रारींना थोडा छेद देते. भाऊसाहेबांच्या बखरीतला सदाशिवरावभाऊ गर्विष्ठ, कोणाचे न ऐकणारा आहे. राजवाड्यांच्या पहिल्या खंडातल्या पत्रांतला भाऊ निराळा. तो गोविंदपंत बुंदेल्याला पुनःपुन्हा लिहितो आहे: नावा जमवा, पैसा पाठवा, रसद रोखू नका. १७६० चा पावसाळा, फुगलेली यमुना, ऑक्टोबरात कुंजपुरा हाती आल्याचा आनंद आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बागपतजवळ नदी उतरून अब्दालीने दिल्लीकडचा रस्ता तोडणे, मग अडीच महिने समोरासमोर तळ आणि उपासमार. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी आवृत्ती युद्धाच्या द्विशताब्दीच्या सुमारास आली. त्यांनी भूगोल, अंतरे, रसद आणि राजकारण यांना इतके वजन दिले की भाऊच्या स्वभावाचा प्रश्न आपोआप लहान झाला. शेजवलकरांचे लिहिणे कडवट आहे, ते मध्येच आपल्या काळावर घसरतात, पण मराठीत इतिहासाचे इतके जिवंत गद्य दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर ‘श्रीशिवछत्रपती’ला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्या शिवचरित्राच्या केवळ आराखड्याला आणि साधनांच्या संकलनाला; चरित्र लिहायचे राहून गेले होते.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली, आणि पत्रांतला भाऊ सामान्य वाचकापर्यंत पोचला तो तिच्यामुळे. कादंबरीतली दोन लाखांची गर्दी, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले, घटत जाणारा दाणागोटा यांचे चित्र थेट साधनांतून आलेले आहे, आणि ते कादंबरीच्या अंगी मुरले आहे. एकट्या नायकाऐवजी इथे सैन्यच नायक झाले, म्हणून कदाचित जमले. मराठी ऐतिहासिक कादंबरीत आपट्यांच्या ‘उषःकाला’नंतर इतके समाधान देणारे दुसरे पुस्तक शोधावे लागते.

इतिहासग्रंथांचेही दोष सांगायलाच हवेत. कादंबरीला वाचक मिळाला त्यात त्यांचाही हात आहे. साधनांचे खंड छापले गेले, पण कित्येकांना सूची नाही, पत्रांवर खात्रीच्या तारखा नाहीत, कठीण शब्दांचे अर्थ नाहीत. सेतुमाधवराव पगडींनी ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ मराठीत आणली तेव्हा औरंगजेबाच्या छावणीतले दिवस प्रथमच मराठी वाचकाला फार्सी न येता वाचता आले. असे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गजानन मेहेंदळ्यांच्या ‘श्री राजा शिवछत्रपती’त प्रत्येक विधानाखाली मूळ साधन दिलेले आहे आणि म्हणूनच तळटिपा कधी कधी मजकुराहून लांब आहेत. अभ्यासकाला हे वरदान, सामान्य वाचकाला मात्र पहिल्या शंभर पानांत दम लागतो. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ने नेमकी याच्या उलट वाट धरली, साधनांचा अभ्यास होता पण सांगण्याची रीत कथेकऱ्याची. ते पुस्तक घराघरांत गेले आणि त्यातले कोणते वाक्य कागदातले, कोणते लेखकाच्या उत्साहातले, हे वेगळे करणे वाचकाला शक्य राहिले नाही. पुढे त्यावरून झालेल्या वादांचे एक कारण हेही आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि वाचकाचा मूळ कागदांशी असलेला उरलासुरला संबंधही तुटला. पुण्याच्या पेशवे दप्तरातले बहुसंख्य मोडी रुमाल सरदेसायांच्या निवडीबाहेर राहिले आहेत. मोडी शिकवणारे छोटे वर्ग गेल्या काही वर्षांत पुन्हा सुरू झाले आहेत. त्यांत येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ‘स्वामी’ किंवा ‘छावा’ वाचूनच या नादाला लागलेले असतात.